पाच वाद्यं, अकरा मिनिटं: एक रचना वहीतून मंचावर नेताना

सप्टेंबर 2025 मध्ये कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र आलं आणि जून 2023 पासून चाललेलं एक काम पूर्ण झालं. फ्लूट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो या पाच वाद्यांसाठी मी एक रचना लिहिली, ती लोकांसमोर वाजली आणि रीतसर माझ्या नावावर नोंदली गेली. मी ठाण्यात मुलांना पियानो शिकवते. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहिणारे मराठी लोक आहेत, पण लिहून झाल्यावर पुढे काय करायचं हे मराठीत कुणी मांडलेलं मला सापडलं नाही. वादक कुठे मिळतात, पानं कशी छापायची, हॉलवाले कोणते कागद मागतात, यातलं काहीच ठाऊक नसताना मी सुरुवात केली होती. हे सगळं एका जागी असावं म्हणून लिहितेय.

हीच पाच वाद्यं का, ते आधी सांगते. 1912 साली शोनबर्ग या संगीतकाराने एक आवाज आणि पाच वादक यांच्यासाठी केलेल्या रचनेमुळे हा संच रूढ झाला. तेव्हापासून जगभर कितीतरी संगीतकारांनी यासाठी लिहिलंय आणि आजही नव्या रचना मागवणारे वादकगट अनेकदा हाच संच मागतात. पाचही वाद्यांचा पोत वेगवेगळा असल्यामुळे ऐकताना प्रत्येक ओळ सुटी कळते. मला हवं होतं तेच.

रचनेचा पाया दरबारी कानडा हा राग. सा म्हणजे पाश्चात्त्य सुरांतला डी धरला, कारण मग चेलोच्या चार मोकळ्या तारा खालून वर कोमल नी, म, सा, प अशा पडतात आणि व्हायोलिनच्या म, सा, प, रे. वाद्यं आपोआप रागात बोलतात. खरा प्रश्न कोमल गंधाराचा होता. दरबारीतला गंधार पियानोच्या कुठल्याच पट्टीवर नाही. तो त्याच्या जवळच्या एफ या सुरापेक्षा खाली असतो आणि रिषभाच्या अंगाने झुलतो. म्हणून पहिल्या महिन्यातच ठरवलं की संथ भागात पियानो एफला हात लावणार नाही. तो सा, म, प यांचा आधार देईल आणि गंधार फक्त ज्यांना सूर वाकवता येतो त्या चौघांकडे राहील. हे एकदा ठरल्यावर बाकीची रचना भराभर सुचत गेली. जानेवारी 2024 मध्ये स्कोअर, म्हणजे पाचही वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत, पूर्ण झाला, साधारण अकरा मिनिटांचा.

फेब्रुवारीत तो युरोपातल्या एका वादकगटाने मागवलेल्या नव्या रचनांसाठी पाठवला. प्रवेशशुल्क 25 युरो, बँकेचे आकार धरून अडीच हजारांच्या आत. अशा ठिकाणी बहुतेक वेळा निनावी स्कोअर मागतात. पहिल्या पानावरून नाव काढणं पुरत नाही. पीडीएफच्या माहितीत लेखक म्हणून आपलं नाव आपोआप बसलेलं असतं, तेही काढायचं. आठ आठवड्यांत कळवतो म्हणाले होते, उत्तर आलं जुलैत. निवड झाली नव्हती. दोन दिवस जड गेले. पण या पाच महिन्यांत मी स्कोअर उघडलाच नव्हता आणि आता उघडून वाचला तर तो मला आवडला. मग ठरवलं की इथेच वाजवायचा.

ऑगस्ट 2024 पासून वादक शोधायला लागले. पियानो मला स्वतःला वाजवता आला असता, तरी त्यासाठी दुसरी वादक घेतली. आपली रचना पहिल्यांदा उभी राहत असेल तर आपण ऐकायला समोर बसलेलं बरं, असं माझं मत आहे. परवडत असेल तर हे कराच. फ्लूट आणि व्हायोलिनला मुंबईतच तरुण मुलगे मिळाले, दोघेही वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांत कधीमधी वाजवणारे.

चेलोसाठी एका शिक्षकांनी गोव्यातल्या साष्टीच्या एका ज्येष्ठ वादकांचं नाव सांगितलं. आता ते वसईला राहतात. गावच्या चर्चशाळेत हातात वाद्य यायच्या आधी वर्षभर नुसतं सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर नावांनी गाणं, करून घेतलं होतं, म्हणाले. पुढची तीस वर्षं त्यांनी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात तंतुवाद्यांच्या ताफ्यात काढली. अशा गोवेकर वादकांनी आणि अरेंजरांनीच मुंबईच्या स्टुडिओंत सूर कागदावर आणले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये मुंबईत मोठा ऑर्केस्ट्रा उभा करून त्याच्यासाठी रागांवर आधारलेल्या रचना लिहिल्या. हे मी बोलले तेव्हा आमचे चेलोवाले म्हणाले, ''बाय, म्हणजे तू नवीन काय करत नाहीस. कुणीतरी सोडून दिलेलं काम उचललंस.'' एवढा धीर मला कुणी दिला नव्हता.

सगळ्यात अवघड गेला क्लॅरिनेट. आपल्याकडे क्लॅरिनेट भरपूर, पण तो लग्नाच्या बँडमध्ये, तमाशात आणि सरकारी बँडमध्ये. तिथले लोक अप्रतिम वाजवतात, पण नोटेशन वाचून वाजवणाऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. शेवटी एका सरकारी बँडमधले दादा तयार झाले. घरात तीन पिढ्या बँडच्या, वाचन पक्कं. नोकरी सरकारी असल्यामुळे बाहेर वाजवायला त्यांना खात्याची परवानगी लागत होती. त्यासाठी त्यांच्या कार्यालयाने तीन गोष्टी मागितल्या: कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि जागा लिहिलेलं माझ्या सहीचं निमंत्रण, कार्यक्रमपत्रिका आणि मानधन देणार नसल्याचं पत्र. परवानगी यायला महिना लागला. तुमच्या संचात कुणी सरकारी नोकर असेल तर तारीख ठरली की त्याच दिवशी हा अर्ज टाका. मानधन देता येणार नव्हतं म्हणून मी त्यांना त्यांच्याच सोयीच्या ठिकाणी तालमीची जागा आणि येण्याजाण्याचा खर्च दिला. तरीही मनाला लागून राहिलं.

सप्टेंबर गेला पार्ट काढण्यात. स्कोअर हा सगळ्यांचा मिळून असतो, वादकाच्या हातात जातो तो त्याचा एकट्याचा पार्ट. संगणक पार्ट वेगळे काढून देतो, पण ते जसेच्या तसे देऊ नयेत. मी म्यूझस्कोअर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर वापरते, ते फुकट मिळतं. त्याच सुमाराला, ऑगस्टच्या अखेरीस, फिनाले हे असंच जुनं सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं त्याच्या कंपनीने जाहीर केलं. तुमच्या रचना त्यात पडून असतील तर त्या म्यूझिक-एक्सएमएल फाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतील.

पार्टमध्ये बघायचं पहिलं म्हणजे पान कुठे उलटतंय. चेलोचा नमुना पार्ट दाखवायला मी वसईला गेले. चष्मा लावून त्यांनी तो वाचला, तिसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, ''इथे डावा हात तारेवर, उजव्यात गज. पान उलटायला तिसरा कुठून आणू?'' मग त्यांनी स्टुडिओतली पद्धत दाखवली. ए-थ्री कागद आडवा घेऊन मध्ये घडी घालायची, आतल्या दोन पानांवर सलग संगीत बसवायचं आणि उलटण्याची जागा अशी निवडायची की आधी किंवा नंतर किमान दोन-तीन बार (दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा एक गट म्हणजे बार) विश्रांती असेल. विश्रांतीच नसेल तर एक पान अर्धं कोरं सोडायचं. कागद जरा जाड घ्यायचा, शंभर जीएसएमच्या वरचा, किंचित पिवळसर. पांढऱ्याफेक कागदावर मंचावरचा दिवा चमकतो. ए-थ्रीची एक छपाई साधारण 15 रुपयांना पडली.

दुसरं, लांबलेली विश्रांती. क्लॅरिनेट एके ठिकाणी चौतीस बार गप्प आहे. नुसता 34 हा आकडा लिहिला तर वादक मोजत बसतो, आणि एवढ्या संथ लयीत मोजणी केव्हाही निसटू शकते. म्हणून आत येण्याच्या आधीच्या तीन बारांत फ्लूट काय वाजवतोय ते बारीक अक्षरांत लिहिलं. क्लॅरिनेटच्या पार्टात हे फ्लूटचे सूरसुद्धा एक स्वर वर चढवून लिहावे लागतात, कारण बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतो आणि वादकाचा कान आपल्याच पार्टाच्या हिशेबाने ऐकतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा क्रमांक आणि भाग बदलतो तिथे चौकटीत अक्षर हवंच. ''सी पासून घेऊ या'' असं तालमीत म्हणता आलं की बराच वेळ वाचतो.

हॉल ऑक्टोबरमध्ये ठरवला, कार्यक्रम शनिवार 18 जानेवारी 2025 चा. शंभर-सव्वाशे खुर्च्यांची जागा, स्वतःचा पियानो. भाडं 18 हजार, अनामत वेगळी. जानेवारीतला शनिवार हवा असेल तर गणपतीच्या आधीच चौकशी करा, नंतर संमेलनं आणि शाळांचे कार्यक्रम सुरू होतात. हॉलच्या अर्जात एक रकाना होता: वाजवल्या जाणाऱ्या संगीताचा परवाना. इथे बरेच जण घाबरतात. हिशेब असा आहे की भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. अकरा मिनिटांसाठी लोकांना बोलवायचं नाही म्हणून सोबत दुसरं काही हवं होतं. चेलोवाल्यांना रशियन संगीतकार शोस्टाकोविचची दुसरी त्रयी (तीन वाद्यांची रचना) घ्यायची होती. पण शोस्टाकोविच 1975 साली गेला, म्हणजे 2035 संपेपर्यंत त्याच्या रचनांना परवानगी लागणार. फ्रेंच संगीतकार दब्यूसी 1918 साली गेला, त्याचा हक्क केव्हाच संपला. म्हणून दब्यूसीच घेतला: एकट्या फ्लूटसाठीची 'सिरिंक्स' आणि चेलो सोनाटा. एक माझी स्वतःची रचना आणि दोन हक्कमुक्त रचना, असं हमीपत्र लिहून दिलं आणि तेवढ्यावर काम झालं. हक्क चालू असलेलं काही वाजवणार असाल तर आयपीआरएस या रचनाकारांच्या हक्कसंस्थेकडे आधी अर्ज करावा लागेल. प्रवेश विनामूल्य ठेवला.

तालमी नोव्हेंबरपासून, बहुतेक रविवारी सकाळी. पियानो असलेला स्टुडिओ तासाला 600 रुपये.

कोमल गंधाराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्यातला जो कोणी रागावर लिहील त्याला हा प्रश्न येणारच. सुरुवातीला सुराच्या डोक्यावर नागमोडी रेघ काढली होती. व्हायोलिनवाल्याने ती पाहून सुंदर व्हिब्रॅटो, म्हणजे सुराला सतत हलका कंप, दिला. त्याच्या शिक्षणात त्या रेघेचा अर्थ तोच. मग पाव स्वराच्या खुणा घालून आंदोलन मोजून लिहिलं, एक मात्रा वर, दीड मात्रा खाली. ते अचूक वाजलं आणि त्यात दरबारी अजिबात नव्हती, स्वराचा व्यायाम ऐकतोय असं वाटलं. त्या दिवशी मी तालीम थांबवली आणि 'ग रे रे सा' गाऊन दाखवलं, आवाज काही तयार नाही तरी. चेलोवाल्यांनी डी तारेवर पहिलं बोट ई वर ठेवलं, दुसरं एफ वर, आणि दुसरं बोट न उचलता हळूच पहिल्याकडे कलतं केलं. पुन्हा सरळ, पुन्हा कलतं. खोलीत एकदम दरबारी आली. व्हायोलिनवाला त्यांच्या बोटांकडे बघत राहिला आणि पुढच्याच फेरीत त्याने ते उचललं.

क्लॅरिनेटवर तर योग असा जुळला की मी तो ठरवूनही जुळवला नसता. आपला एफ त्यांच्या पार्टात जी म्हणून येतो, आणि मधला जी हा क्लॅरिनेटचा मोकळा सूर आहे. सगळी बोटं वर, एकही भोक झाकलेलं नाही. हा सूर एरवी जरा पातळ समजतात, पण ओठाने सहज वाकतो. दादा म्हणाले, ''ताई, हा सूर तर आम्ही लावणीत कायम ओढतो, फक्त इथे सावकाश ओढायचाय.'' आणि त्यांनी ओढला. फ्लूटवाल्याने तोंडाची पट्टी किंचित आत वळवून तेच केलं.

शेवटी कागदावर उतरलं ते असं: साधा एफ, त्याच्याखाली बारीक वक्र रेघ, आणि पार्टाच्या पहिल्या पानावर तीन ओळींची सूचना की व्हिब्रॅटो नको, सूर ई कडे झुकवा, वेग वादकाने ठरवावा. सोबत गायलेला नमुना व्हॉट्सॲपवर. माझ्या मते हा नमुना पार्टाचाच भाग आहे. नोटेशन हे अशा सुराचं पूर्ण चित्र देऊ शकत नाही, आणि वादकाला ऐकवण्यात कमीपणा काहीच नाही. आपली सगळी परंपरा ऐकून शिकण्याचीच आहे.

डिसेंबरमध्ये दोन कागदी कामं केली. एक, वादकांची लेखी संमती. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करणार होते आणि कायद्याने वादकालाही आपल्या वादनावर हक्क असतो, 50 वर्षांचा. अर्ध्या पानाचं संमतीपत्र: कोणता कार्यक्रम, मुद्रण कुठे वापरणार, पैशांची वाटणी कशी. सगळे ओळखीचे, मैत्रीचे, तरी घ्या. नंतर मागणं अवघड जातं.

दुसरं, कॉपीराइट नोंदणी. ती सक्तीची नाही. रचना लिहिली गेली की हक्क तयार होतोच, पण पुढे वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर होतो, फॉर्म चौदा. संगीतरचनेचं शुल्क 500 रुपये. ध्वनिमुद्रण ही कायद्याने वेगळी कृती, तिचा अर्ज वेगळा आणि शुल्क 2,000. स्कोअर नोंदवायचा असेल तर 'संगीतरचना' हाच वर्ग घ्या. फॉर्ममध्ये विचारतात की रचना मूळ आहे की आधीच्या कशाचं रूपांतर. दरबारी कुणाच्या मालकीची नाही आणि मी कुठलीही बंदिश घेतली नव्हती, म्हणून 'मूळ' लिहिलं. एखादी पारंपरिक ओवी किंवा भजनाची चाल घेतली असती तर हा रकाना विचार करून भरावा लागला असता. आणखी एक प्रश्न असतो: प्रकाशित की अप्रकाशित? कायद्यात प्रकाशन म्हणजे फक्त छापणं नाही, लोकांपर्यंत पोचवणंही त्यात येतं. म्हणून मी अर्ज कार्यक्रमाआधी, 9 डिसेंबरला केला आणि 'अप्रकाशित' लिहिलं. नंतर करणार असाल तर पहिल्या सादरीकरणाची तारीख हाताशी ठेवा.

पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. मग हरकतींसाठी 30 दिवस थांबतात आणि त्यानंतर तपासणी. एप्रिलमध्ये मला विचारणा आली: स्कोअरच्या पहिल्या पानावर पाच वादकांची नावं आहेत, ते सहरचनाकार आहेत का? उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. ते फक्त वादक असल्याचं माझं पत्र आणि त्यांची संमतीपत्रं जोडली. नोंदणीसाठी पाठवायच्या प्रतीवर रचनाकाराशिवाय कुणाचंच नाव ठेवू नका, हे पत्र लिहावं लागणार नाही.

कार्यक्रमाच्या आठवड्यात पियानो सुरात लावायला ट्यूनर आले. ते आधी ऑक्टोबरमध्येही येऊन गेले होते, प्रत्येक वेळचे साडेतीन हजार. पावसाळ्यात ओलाव्याने पियानोची लाकडी फळी फुगते, सूर चढतो, आणि हवा कोरडी झाली की उतरतो. म्हणून पावसाळा संपताना लावलेला पियानो जानेवारीत पुन्हा लावावाच लागतो. ट्यूनरकाकांनी सांगितलं की कार्यक्रमात एसी ज्या तापमानावर असेल त्यावरच तो दुपारपासून चालू ठेवा. हॉलच्या व्यवस्थापकांना हे लेखी दिलं, कारण जादा तासांचं वीजबिल आपल्यावर येतं.

18 तारखेला साठ-पासष्ट माणसं आली. आधी दब्यूसी, मग माझी रचना. सुरुवातीला चेलो एकटा मंद्रातून वर येतो. पहिला गंधार आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी, शेजारच्या इमारतीत गाणं शिकवणाऱ्या, अगदी सवयीने ''वा'' म्हणाल्या. चेंबर म्यूझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताच्या, मैफलीत मध्ये दाद द्यायची पद्धत नाही. मला मात्र त्या एका शब्दाने जो आनंद झाला तो शेवटच्या टाळ्यांनी झाला नाही. मधल्या जलद भागात फ्लूट आणि व्हायोलिन दोन मात्रांनी सुटले, पियानोवालीने 'ई' या अक्षरापाशी मान हलवून सगळ्यांना गोळा केलं. मुद्रणात ते ऐकू येतं. मी ते तसंच ठेवलंय.

खर्च विचारणारे बरेच भेटतात, म्हणून सांगते. चार वादकांचं मानधन प्रत्येकी 8,000, हॉल, स्टुडिओ, ट्यूनिंग, ध्वनिमुद्रण, छपाई सगळं धरून साधारण 85 हजार. बहुतेक माझी साठवण, थोडी मदत विद्यार्थ्यांच्या पालकांची. यातली सर्वात मोठी रक्कम वादकांची, आणि ती कमी करू नये असं मला मनापासून वाटतं. पैसे कमी असतील तर पाचाऐवजी तिघांसाठी लिहा, हॉलऐवजी एखाद्या शाळेची खोली घ्या. तालमीचे तास कापू नका. आमचा गंधार तालमीतच सापडला.

आता व्हायोलिनवाल्याच्या ओळखीतून मडगावच्या काही वादकांनी पार्ट मागितलेत, मार्चमध्ये वाजवायचा विचार आहे. त्यांच्याकडे क्लॅरिनेट नाही, व्हायोला आहे, व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि खालच्या सुरांचं. मोकळ्या जीची सोय व्हायोलावर नाही, पण सी तारेवर तो गंधार खाली, खूप खाली घेता येईल. चौतीस बारांनंतरचा तो भाग सध्या पुन्हा लिहिते आहे.